बियांपासून बुटकं सफरचंद: बी मुळांपुरतं, बुटकेपणा कलमाचा

‘बुटक्या सफरचंदाचं बियाणं’ असं छापलेलं पाकीट कुठे दिसलं, तर पैसे खिशातच राहू द्या. असं बियाणं नसतं. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना स्वतःचे पराग चालत नाहीत, फळ धरायला दुसऱ्या वाणाचे लागतात. त्यामुळे प्रत्येक बी हा एक नवा संकर असतो. रॉयल डेलिशसच्या एकाच फळातल्या आठ बियांपासून आठ वेगवेगळी झाडं येतील, त्यातलं एकही रॉयल डेलिशस नसेल आणि जमिनीत मोकळी सोडली तर बहुतेक सगळी वीस-पंचवीस फुटांवर जातील.

बागांमध्ये हात वर करून फळ तोडता येतं अशी जी झाडं दिसतात, ती बुटकी असतात खुंटामुळे, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर वाणाचं कलम बांधतात त्या खालच्या भागामुळे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून असे खुंट निवडून त्यांना क्रमांक दिले. नावातला ‘एम’ तिथला. एम २७ वरचं झाड पाच-सहा फुटांवर थांबतं, एम ९ वरचं साधारण आठ-दहा फुटांवर, एमएम १०६ वरचं बारा-पंधरा फुटांपर्यंत जातं. हे खुंट बियांपासून करत नाहीत. मूळ झाडाच्या बुंध्याभोवती माती चढवून, फुटव्यांना मुळं आणून ते वेगळे करतात, म्हणून सगळे अगदी एकसारखे निघतात.

मग बी लावायचं कशाला? मुळांसाठी. एम ९ ची मुळं उथळ आणि ठिसूळ असतात. झाडाला जन्मभर काठीचा आधार लागतो आणि पाण्याचा खंड पडला की ते लगेच माना टाकतं. बियापासून आलेल्या रोपाची मुळं मात्र दणकट असतात. या दोन्हींचा मेळ घालायचा तर झाड तीन मजली करायचं: खाली बियाचं मूळ, मध्ये एम ९ चा वीतभर तुकडा आणि वर उष्ण हवेत फळणारा वाण. मधल्या तुकड्यामुळे वरच्या झाडाची वाढ आखडते, ते फुलावर लवकर येतं, आणि मुळं दणकट ती दणकटच राहतात. हे झाड अस्सल एम ९ वरच्या झाडाइतकं बुटकं होत नाही. उरलेलं काम कुंडी आणि कात्री करते.

हवामानाचा हिशेब आधी

सफरचंदाच्या डोळ्यांची, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबांची, झोप मोडायला थंडी लागते. ती मोजतात सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या तासांत. रॉयल डेलिशससारख्या जुन्या वाणांना हजाराच्या आसपास तास लागतात. आपल्याकडे नाशिक-निफाड पट्ट्यात आणि देशावरच्या थंड भागांत काही रात्री तितक्या गार जातात, पण बेरीज हजाराच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर कमी थंडीचाच वाण हवा: इस्राएलमध्ये तयार झालेला अ‍ॅना, बहामाजमधल्या नासाऊत सापडलेला डॉर्सेट गोल्डन किंवा हिमाचलातला एचआरएमएन ९९. पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या भागांत हा प्रयोग करण्यासारखा आहे. कोकण किनारपट्टी आणि गोव्यात झाड जगेल, पण दमट उकाड्यात पानांवरचे रोग पाठ सोडत नाहीत आणि फळाची खात्री देता येत नाही. तिथे हौस म्हणून करा, हिशेब म्हणून नको.

सप्टेंबर: बी फ्रिजमध्ये

हिमाचलचा नवा माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाजारात येतो, तेव्हाचीच फळं घ्या. पूर्ण पिकलेलं फळ कापल्यावर बी गडद तपकिरी आणि टणक दिसलं पाहिजे. पांढुरकी, चपटी किंवा सुरकुतलेली बी टाकून द्या. एका फळात पाच कप्पे आणि प्रत्येकात साधारण दोन बिया असतात, म्हणजे जास्तीत जास्त दहाच्या आसपास. दोन झाडं करायची असली तरी २५-३० बिया जमवा. वाटेत गळती बरीच होते.

बिया कोमट पाण्यात चोळून धुवा, वरचा बुळबुळीतपणा गेला पाहिजे. बुरशी तिथूनच सुरू होते. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी तरंगणाऱ्या काढून टाका. जाडसर वाळू उकळत्या पाण्यातून काढून निथळून घ्या. मुठीत घट्ट दाबल्यावर एखादाच थेंब निघावा, इतकीच ओल हवी. धार लागली तर बी कुजतं. ही वाळू आणि बिया झिपच्या पिशवीत भरा, तोंडाशी थोडी हवा राहू द्या, तारीख लिहा आणि पिशवी फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तिथे ४ ते ६ अंश असतं, ते योग्य. फ्रीझरमध्ये ठेवू नका. ओली बी गोठून मरते.

मुदत ६० ते ९० दिवस. दर दहा-बारा दिवसांनी पिशवी उघडून पाहा. एखाद्या बीवर बुरशी दिसली तर ती काढून बाकीच्या पुन्हा धुवा. पिशवी तीन-चार दिवस फ्रिजबाहेर उकाड्यात राहिली, तर बी पुन्हा गाढ झोपू शकतं आणि थंडीची मोजणी नव्याने सुरू करावी लागते. लांबलेलं लोडशेडिंग असेल त्या गावात ही अडचण खरी आहे. तेव्हा पिशवी गार पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या फडक्यात ठेवा.

बीचं साल सोलून ओल्या टिश्यूत ठेवलं की आठवड्यात मोड येतो, हा झटपट उपाय मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये फार दिसतो. मोड येतोही. पण झोप सालात असते तशी आतल्या गर्भातही असते. थंडी न मिळालेलं असं रोप बऱ्याचदा दोन-तीन इंचांवर पानांचा गुच्छ करून बसतं, कांड्या लांबतच नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, वा, बुटकं झाड! हा बुटकेपणा आनुवंशिक नसतो, ती नुसती अडकलेली वाढ असते. असं रोप खुंटाच्या कामाचं नाही.

डिसेंबर: पेरणी

बियांच्या टोकाशी पांढरं मूळ दोन-तीन मिलिमीटर दिसलं की पेरायचं. मूळ लांबलं तर हाताळताना मोडतं. सफरचंदाचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून उथळ ट्रे नको. ५ बाय ८ इंचांच्या काळ्या पिशव्या घ्या, बुडाशी सहा-आठ भोकं पाडा. मिश्रण: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग चाळलेली लाल माती किंवा पोयटा, एक भाग गांडूळखत, आणि दर किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगांच्या बुरशीला आवरणारी मित्र-बुरशी). कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुणं टाळू नका. त्यातल्या क्षारांनी कोवळी मुळं करपतात.

बी दीड सेंटिमीटर खोल, मूळ खाली करून ठेवा. पिशव्या कोवळं ऊन येईल अशा जागी राहू द्या. दहा-पंधरा दिवसांत आधी दोन गुळगुळीत डाळिंब्या वर येतात, मग करवती कडांची खरी पानं. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलं तर तो ‘मर’ रोग. कारण जवळजवळ नेहमी एकच: संध्याकाळचं पाणी आणि कोंदट हवा. पाणी सकाळी द्या, तेही वरचा अर्धा इंच सुकल्यावरच.

पहिलं वर्ष

फेब्रुवारीअखेर रोपं वीतभर झाली की १० इंची पिशवीत हलवा. हलवताना सोटमुळाचं टोक अर्धा-पाऊण इंच छाटा. आडवी तंतुमुळं फुटतात आणि पुढे कुंडीत तीच उपयोगी पडतात. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, किंवा दहा पट पातळ केलेलं जीवामृत द्या. खोड एकच ठेवा. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतचे फुटवे चिमटीने काढा, कारण कलम तिथेच बसणार आहे.

मार्चच्या मध्यापासून ५० टक्के शेडनेट आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन हवं. गच्चीवर काळी पिशवी उन्हात तापून मुळं अक्षरशः शिजतात, तेव्हा पिशव्यांभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. पानं तांबूस-राखाडी होऊन खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे: पानांच्या खालून पाण्याचा जोरकस फवारा, मग संध्याकाळी १०,००० पीपीएमचं निंबोळी अर्क लिटरला २-३ मिली. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर तो चुनखडीच्या मातीचा किंवा बोअरच्या जड पाण्याचा दोष असतो. काळी माती टाळा, पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम, आणि ईडीडीएचए स्वरूपातलं (चुनखडीतही मुळांना मिळत राहणारं) लोह पाकिटावरच्या मात्रेने मातीतून द्या. साधं फेरस सल्फेट अशा मातीत फार टिकत नाही.

पावसाळ्यात पिशव्या विटांवर उचलून ठेवा. ऑगस्टमध्ये पानांवर ठिपके पडून निम्मी पानगळ झाली तरी घाबरू नका. १ टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारणी पावसाआधी एक आणि उघडीप मिळाली की एक, एवढी पुरे.

डिसेंबरपर्यंत चांगलं रोप दोन-तीन फूट होतं आणि वीतभर उंचीवर पेन्सिलीइतकं जाड. तेवढं न झालेली रोपं कठोरपणे बाजूला काढा. खुरटं रोप म्हणजे बुटकं रोप नव्हे; ते नुसतं आजारी किंवा उपाशी असतं.

कलम: या कामाला घाई नको

डिसेंबर ते फेब्रुवारीत हिमाचलच्या रोपवाटिकांतून एम ९ ची सुटी, बिनमातीची रोपं मिळतात. एक-दोनच मागवा. त्यांचा वरचा भाग मधल्या तुकड्यासाठी वापरा आणि बुडखा कुंडीत लावा. तो पुन्हा फुटतो आणि दरवर्षी काड्या देतो. अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डनच्या काड्या मागच्या वर्षीच्या वाढीतल्या, पेन्सिलीएवढ्या, डोळे मिटलेल्या हव्यात. लगेच वापरायच्या नसतील तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे राहतात.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काम उरका. धारदार कलमाचा चाकू किंवा नवं ब्लेड, स्पिरिट, कलमपट्टी किंवा २०० गेज प्लास्टिकच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या, आणि पेप्सीकोल्याच्या रिकाम्या अरुंद पिशव्या जवळ ठेवा.

आधी टेबलावरचं काम. एम ९ चा १५ ते २० सेंटिमीटर तुकडा कापा, वरचं टोक कोणतं ते खूण करून ठेवा. उलटा बसवलेला तुकडा जीव धरत नाही. त्यावरचे सगळे डोळे नखाने खरवडा. त्याच्या वरच्या टोकाला साडेतीन सेंटिमीटर लांब तिरपा छेद एका ओढीत द्या. अ‍ॅनाच्या तीन डोळ्यांच्या काडीच्या खालच्या टोकाला तेवढाच छेद द्या. दोन्ही छेदांच्या वरच्या तिसऱ्या भागात उभी चीर पाडून जीभ काढा आणि एकमेकींत सरकवा. साल आणि लाकूड यांच्यामधला ओलसर हिरवट थर किमान एका बाजूने तंतोतंत जुळला पाहिजे. कलम जगतं ते या एका रेषेवर. जाडी वेगळी असेल तर काडी मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवा. पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा.

मग खुंट जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटा, राहिलेली पानं हाताने काढा आणि तोच जिभेचा छेद देऊन वरची जोडगोळी बसवा. हात बसला नसेल तर इथे पाचर कलम सोपं: खुंट मधोमध चिरा आणि तुकड्याला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा. काडीच्या वरच्या कापाला मेण लावा. वरून प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी चढवून खाली सैलसर बांधा आणि झाड सावलीत ठेवा.

एकाच दिवशी दोन सांधे करणं अवघड वाटत असेल, तर या वर्षी फक्त एम ९ ची काडी खुंटावर बांधा, तिचे डोळे राहू द्या, आणि पुढच्या जानेवारीत वीतभर उंचीवर छाटून वर अ‍ॅना भरा. एक वर्ष जातं, पण निकाल खात्रीचा.

तीन-चार आठवड्यांत डोळे फुगतात. फुटवा इंचभर झाला की टोपी संध्याकाळी काढा, दुपारी नाही. फुटवा निघून आठवड्यात सुकला तर तो काडीतल्या साठ्यावर फुटलेला असतो, सांधा जुळलेलाच नसतो. खुंटावरचे आणि एम ९ वरचे फुटवे दर आठवड्याला मोडा. एक जरी राहिला तरी सगळा रस तोच ओढतो. साठ-सत्तर दिवसांनी पट्टी उभी चिरून काढा. विसरली तर ती खोडात रुतते आणि पहिल्या वाऱ्यात झाड तिथेच मोडतं.

परागासाठी दोन वाण लागतात. जागा एकाच कुंडीची असेल तर पुढच्या वर्षी अ‍ॅनाच्या एका फांदीवर डॉर्सेट गोल्डन भरा. दोन्ही साधारण एकाच वेळी फुलतात.

कुंडी आणि आकार

कलम फूटभर वाढलं की ४० लिटरच्या आसपासची, म्हणजे १५ बाय १५ इंचांची पिशवी. दोन वर्षांनी १८ बाय १८, ती साधारण ७५ लिटरची. आधीच मोठी कुंडी दिली तर न वापरलेली माती ओली राहून आंबते. ओल्या मातीसह ही मोठी पिशवी ऐंशी-शंभर किलोंवर जाते. गच्चीवर ती तुळईच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. मिश्रणात चार भाग लाल माती, तीन भाग मुरलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग विटांचा चुरा, आणि पिशवीमागे २०० ग्रॅम निंबोळी पेंड. खालचा सांधा मातीच्या वर तीन इंच राहिलाच पाहिजे. एम ९ किंवा अ‍ॅना मातीत गेला तर त्याला स्वतःची मुळं फुटतात, आणि अ‍ॅनाला फुटली तर बुटकेपणा तिथेच संपला.

शेंडा अडीच फुटांवर छाटा. चार दिशांच्या चार फांद्या ठेवून त्यांना सुतळीने किंवा लहान वजनाने आडवं वाकवा, उभ्या रेषेपासून साधारण ६० अंशांवर. वाकवलेली फांदी वाढ आवरते आणि आखूड फळकाड्या धरते. नुसती कापत राहिलात तर ती रागाने सरळ वर पळते. दर दोन-तीन वर्षांनी पानगळीनंतर मुळांचा गोळा बाहेर काढून भोवतालची दोन इंच मुळं करवतीने छाटा, नवी माती भरा आणि वरच्या फांद्याही तेवढ्या हलक्या करा.

ताण, पानगळ, बहार

पाणी तोडून, पानं उतरवून झाडाला एकदम फुलायला लावणं म्हणजे बहार धरणं; डाळिंब लावणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. थंडी पुरत नसेल तर झाड अर्धवट पानांसह जागंच राहतं आणि फुलं तुरळक, मागेपुढे येतात. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बाटूचे बागायतदार तर फळ तोडल्यावर हाताने पानं काढून सफरचंदाला फुलायला लावतात. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला बारा-पंधरा दिवस पाणी कमी करा, पानं मलूल होतील पण फांदी सुकणार नाही इतकंच. मग उरलेली पानं देठ वरच्या दिशेने मोडून काढा, हलकी छाटणी करा, दोन किलो शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत डोळे हलतात. द्राक्षबागेत डोळे फोडायला वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड घरी आणू नका. ते विषारी आहे आणि चार कुंड्यांसाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

कलमानंतरच्या पहिल्या थंडीत आलेली फुलं खुडून टाका. दुसऱ्या वर्षी सहा-आठ फळं ठेवा. फळ गोटीएवढं झालं की एका गुच्छात एकच, आणि दोन फळांत वीतभर अंतर. मऊ ब्रशने एका वाणाच्या फुलातून दुसऱ्याच्या फुलात सकाळी पराग फिरवले तर फळधारणा बरीच सुधारते. फुलं उघडी असताना कोणतंही कीटकनाशक नको. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली तर फुलं गळाल्यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण दुपारचं तापमान ३२ च्या पुढे गेलं की नको, पानं भाजतात.

फुलापासून साडेतीन महिन्यांच्या आसपास, म्हणजे मे-जूनमध्ये, फळ तयार होतं. पोपटांआधी कागदी पिशव्या चढवा. अ‍ॅनाला रंग आधी येतो, गोडी नंतर, त्यामुळे लाली पाहून तोडलं तर आंबट निघतं. एक फळ कापून बी पाहा. पांढरी असेल तर दहा दिवस थांबा.

तपकिरी झालेल्या या बिया टाकू नका. दोन्ही आईबाप कमी थंडीचे असल्याने पुढच्या खुंटांसाठी त्या बाजारच्या बियांपेक्षा चांगल्या. शिवाय एखाद्या रोपावर कलम न करता ते तसंच वाढू द्यायला हरकत नाही: ग्रॅनी स्मिथ असंच ऑस्ट्रेलियात आपोआप उगवलं होतं, आणि एचआरएमएन ९९ सुद्धा हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावी हरिमन शर्मांच्या परसात टाकून दिलेल्या बियांतूनच निघालं. फक्त अशा रोपाला फळासाठी सहा ते दहा वर्षं द्यावी लागतात. जूनमध्ये काढलेल्या बिया सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. कोरड्या बीला फ्रिजमधली थंडी लागू पडत नाही, म्हणून ओल्या वाळूत त्या सप्टेंबरमध्येच घाला.